आलं आणि मेदपेशी: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

आलं आणि वजन या विषयावर जे प्रश्न सतत येतात ते इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. मी डॉक्टर नाही. काही वर्षं प्रयोगशाळेत मेदपेशी वाढवण्याचं काम केलं आहे. त्यामुळे औषधं चालू असतील तर (प्र. १६) तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा. हवा तो प्रश्न थेट वाचा, मागचं-पुढचं वाचायलाच हवं असं नाही. जिथे जास्त माहिती दुसरीकडे आहे तिथे क्रमांक दिला आहे.

१. आल्याने चरबी वितळते का? हो की नाही एवढंच सांगा.

नाही. वितळायला ती आधी गोठलेली हवी ना! शरीराच्या तापमानाला मेदपेशीतली चरबी तेलासारखी पातळच असते. वजन उतरतं तेव्हा पेशीतल्या ट्रायग्लिसराइडचे (साठवलेल्या चरबीच्या रेणूंचे) तुकडे होतात, फॅटी ॲसिड रक्तात उतरतात, स्नायू आणि इतर अवयव ती जाळतात, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. १० किलो चरबी पूर्ण जळली तर त्यातली सुमारे ८.४ किलो उच्छ्वासातून बाहेर जाते, बाकीची पाणी होऊन.

या साखळीत आल्यातली संयुगं दोन-तीन ठिकाणी हात घालू शकतात. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींत तो परिणाम ठळक दिसतो (प्र. ६), माणसांत छोटासा (प्र. ११). मधे काय हरवतं, हे बाकीच्या प्रश्नांत येईल.

२. जाड माणसात मेदपेशी जास्त असतात की मोठ्या?

दोन्ही असू शकतं. पक्व पांढरी मेदपेशी म्हणजे तेलाचा एक मोठा थेंब आणि त्याभोवती पेशीद्रव्याचा पातळ पापुद्रा. केंद्रक बिचारं कडेला दाबलेलं असतं, अंगठीवरच्या खड्यासारखं. थेंब भरत गेला की पेशी फुगते, रिकामा होत गेला की आकसते.

संख्येचं गणित वेगळं आहे. ती बरीचशी लहानपणी आणि पौगंडावस्थेत ठरते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे फार सुंदर पद्धतीने दाखवलं. १९६३ पर्यंत वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतलं कार्बन-१४ वाढलं होतं, मग ते हळूहळू उतरत गेलं. पेशीच्या डीएनएमध्ये ते किती आहे हे मोजलं की पेशी कधी जन्मली याचा अंदाज येतो. त्यातून दिसलं की प्रौढ माणसात दरवर्षी साधारण १० टक्के मेदपेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या बनतात. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर भरपूर वजन उतरलेल्या लोकांतही पेशींची संख्या घटली नव्हती. त्या फक्त लहान झाल्या होत्या.

हे इथे सांगायचं कारण असं की आल्यावरच्या बऱ्याच प्रयोगांत मोजलेली गोष्ट म्हणजे 'नव्या मेदपेशी बनणं'. प्रौढ माणसाचं वजन उतरतं ते मुख्यतः जुन्या पेशी रिकाम्या झाल्याने. दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

३. आल्यातली ती 'संयुगं' म्हणजे नक्की कोणती?

ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजरॉल गटाचा. त्यात ६-जिंजरॉल सर्वांत जास्त, मग ८ आणि १०. हे आकडे रेणूच्या शेपटीच्या लांबीनुसार येतात. आलं वाळलं किंवा तापलं की जिंजरॉलमधून पाण्याचा एक रेणू निघून जातो आणि शोगाओल बनतं. 'शोगा' हे आल्याचं जपानी नाव. शिजवताना जिंजरॉल तुटून झिंजरोनही बनतं, ते सौम्य आणि किंचित गोडसर वासाचं असतं. चौथं पॅराडॉल, ते शोगाओलपासून बनतं. आल्याचा सुगंध मात्र या कुणाचा नव्हे. तो झिंजिबेरीनसारख्या बाष्पनशील तेलांचा.

४. मग ताजं आलं घ्यावं की सुंठ?

प्रश्न रास्त आहे, कारण रसायनं खरोखर बदलतात. ताज्यात जिंजरॉल जास्त, सुंठीत शोगाओलचा वाटा वाढलेला. पेशींवरच्या प्रयोगांत शोगाओल बऱ्याचदा कमी मात्रेत काम करताना दिसतं. तरीही वजनासाठी कुठलं सरस, हे ठरवण्याइतके माणसांवरचे समोरासमोरचे प्रयोग झालेले नाहीत. वजनावरच्या चाचण्यांत बहुतेक सुंठीची पूड वापरली जाते. तिचं वजन नेमकं करता येतं, ती कॅप्सूलमध्ये भरता येते आणि महिनोन्‌महिने टिकते, म्हणून.

तुलना करायचीच तर ताज्या आल्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं. म्हणजे २ ग्रॅम सुंठ म्हणजे ढोबळमानाने ९-१० ग्रॅम ताजं आलं, अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा तुकडा.

५. बशीत मेदपेशी वाढवतात म्हणजे काय करतात?

हा प्रश्न आला की मला बरं वाटतं, कारण बातम्यांमध्ये नेमका हाच भाग गाळलेला असतो.

बहुतेक प्रयोग ३टी३-एल१ नावाच्या पेशींवर होतात. हॉवर्ड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात उंदराच्या भ्रूणातून मिळवलेला हा वाण. सुरुवातीला त्या मेदपेशी नसतातच. लांबट, चपट्या, साध्या दिसणाऱ्या पेशी असतात. बशीचा तळ पूर्ण भरला की दोन दिवस थांबायचं, मग तीन गोष्टींचं मिश्रण घालायचं: इन्सुलिन, डेक्सामेथासोन आणि आयबीएमएक्स नावाचं रसायन. चौथ्या-पाचव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी गोल होऊ लागलेल्या दिसतात आणि आत चमकदार ठिपके उमटतात. आठव्या-दहाव्या दिवसापर्यंत प्रत्येक पेशीत थेंबांचा घोसच्या घोस. मग 'ऑइल रेड ओ' हा रंग घातला की थेंब लालभडक होतात. तो रंग आयसोप्रोपेनॉलमध्ये उतरवून यंत्रात मोजला की 'चरबी किती जमली' याचा आकडा मिळतो. आल्याचं संयुग घातलेल्या बशीत लाली कमी, म्हणजे चरबी कमी.

पेशी लहरी असतात. एकदा मी बाटलीत त्यांची गर्दी होऊ दिली, आणि पुढचे कित्येक आठवडे त्या मेदपेशी व्हायला तयारच होईनात. तेव्हा मी आल्याचा थेंबही घातला नव्हता, तरी लाली कमीच! तुलनेची बशी बाजूला नसती तर तो आमचा 'शोध' ठरला असता.

६. आणि आल्यातली संयुगं त्या पेशींत काय करतात?

६-जिंजरॉल किंवा ६-शोगाओल मिश्रणाबरोबरच घातलं तर पेशींचं मेदपेशीत रूपांतर मंदावतं. या रूपांतराचे दोन मुकादम आहेत: पीपीएआर-गॅमा आणि सी-ईबीपी-अल्फा ही प्रथिनं. ती जागी झाली की चरबी बनवणारी, साठवणारी जनुकं एकामागून एक चालू होतात. जिंजरॉल असताना हे दोघे कमी प्रमाणात बनतात, फॅटी ॲसिड सिंथेज हे चरबी बनवणारं एन्झाइम घटतं, थेंब लहान राहतात.

झिंजरोनचा रोख वेगळा. उंदरांच्या तयार मेदपेशींत त्याने साठलेली चरबी सुटण्याचा वेग वाढलेला दिसला आहे, विशेषतः नॉरॲड्रिनलिन हे ताणाच्या वेळी स्रवणारं संप्रेरक सोबत असताना.

असा शोधनिबंध वाचताना दोन गोष्टी पाहा. संयुग कुठल्या दिवशी घातलं? पहिल्या दोन दिवसांत घातलं तर परिणाम मोठा, आठव्या दिवशी घातलं तर बरेचदा नगण्य, कारण तोवर रूपांतर उरकलेलं असतं. आणि पेशी जिवंत होत्या का? मात्रा वाढवत नेली की जिंजरॉल पेशींना मारूही शकतं. मेलेल्या पेशीही लाल होत नाहीत.

७. एका लेखात आलं पीपीएआर-गॅमा दाबतं म्हणतात, दुसऱ्यात चालू करतं म्हणतात. खरं कोण?

दोघंही, आपापल्या प्रयोगापुरते.

रूपांतर होत असताना जिंजरॉल घातलं की पीपीएआर-गॅमा कमी बनतं, हे प्र. ६ मध्ये आलं. २००८ मध्ये दुसऱ्या एका गटाने तयार मेदपेशी घेतल्या आणि त्यांना टीएनएफ-अल्फा दिलं. दाह वाढवणाऱ्या या रेणूमुळे ॲडिपोनेक्टिन हे उपयोगी संप्रेरक घटतं. आल्यातल्या दोन्ही संयुगांनी ही घट रोखली, पण वाटा निराळ्या: ६-शोगाओल पीपीएआर-गॅमाला चालना देऊन, तर ६-जिंजरॉल जेएनके नावाचा दाहाचा संदेश अडवून. म्हणजे रेणू वेगळा, पेशीचं वय वेगळं, परिस्थिती वेगळी.

यात एक गंमत आहे. पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध पीपीएआर-गॅमाला चालना देतं. त्याने इन्सुलिनचा परिणाम सुधारतो आणि वजन थोडं वाढतं! तेव्हा 'पीपीएआर-गॅमा दाबलं म्हणजे चांगलं' हे समीकरण मुळातच कच्चं आहे. का, ते पुढच्या उत्तरात.

८. नव्या मेदपेशी बनूच दिल्या नाहीत तर लठ्ठपणा मुळापासून संपेल ना?

असं वाटणं साहजिक आहे. मलाही पहिलं वर्षभर तसंच वाटायचं.

पण खाल्लेली जास्तीची ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. मेदपेशी ही तिची सुरक्षित कोठी. कोठी कमी पडली की चरबी यकृतात, स्नायूंत, स्वादुपिंडात जाऊन बसते आणि तिथे बिघाड करते. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे लिपोडिस्ट्रॉफी. या दुर्मिळ आजारात शरीराला पुरेशा मेदपेशीच बनवता येत नाहीत. अशी माणसं सडपातळ दिसतात, अंगावर स्नायू उठून दिसतात. पण त्यांना तीव्र इन्सुलिन-रोध (शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही अशी अवस्था), मधुमेह, रक्तात बेसुमार ट्रायग्लिसराइड आणि चरबीने भरलेलं यकृत असतं. शिवाय मेदपेशी नाहीत म्हणजे लेप्टिनही नाही. 'पोट भरलं' हा निरोप मेंदूला देणारं हे संप्रेरक मेदपेशीच बनवतात, आणि ते हाती लागलं १९९४ मध्ये. साहजिकच या रुग्णांची भूक शमत नाही.

उलट बाजूने, वजन जास्त असूनही रक्तातली साखर-चरबी ठीक असलेल्या लोकांत बरेचदा छोट्या-छोट्या, पुष्कळ मेदपेशी दिसतात. मोजक्या पेशी तट्ट फुगलेल्या असणं जास्त धोक्याचं. म्हणून 'आलं मेदपेशी बनू देत नाही' अशी बातमी वाचली की मला आनंदाआधी प्रश्न पडतो: मग ते तेल गेलं कुठे? बशीत त्याचं उत्तर सोपं असतं, पेशींभोवतीच्या द्रवात राहिलं. शरीरात असा रिकामा द्रव नाही.

९. बशीत जेवढं आलं लागतं तेवढं रक्तात पोचतं का?

हिशेब करून पाहू. पेशींवरच्या प्रयोगांत ६-जिंजरॉल अनेकदा ५० मायक्रोमोलरच्या आसपास वापरतात. रेणुभार सुमारे २९४, म्हणजे लिटरमागे साधारण १४.७ मिलिग्रॅम.

आता माणूस. मिशिगन विद्यापीठातल्या २००८ च्या अभ्यासात २७ निरोगी स्वयंसेवकांना १०० मिलिग्रॅमपासून २ ग्रॅमपर्यंत आल्याचा अर्क दिला. मोकळं ६-जिंजरॉल रक्तात सापडलंच नाही. जे होतं ते आतडं आणि यकृताने ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेटची गाठ मारून ठेवलेलं. तेही २ ग्रॅमच्या मात्रेनंतर लिटरमागे जास्तीत जास्त ०.८५ मिलिग्रॅम. बशीच्या सुमारे सतरावा हिस्सा, तोही बांधलेल्या रूपात, आणि काही तासांत उतरणीला लागणारा. बशीतल्या पेशी मात्र सलग दोन-दोन दिवस त्याच द्रवात डुंबत असतात.

याचा अर्थ आलं शरीरात काहीच करत नाही असा काढू नका. आतड्यात ते गाठ न मारलेल्या रूपात आणि बऱ्यापैकी मात्रेत असतं. तिथल्या चेतातंतूंना ते चेतवू शकतं. प्रयोगनळीत आल्याचा अर्क स्वादुपिंडातलं चरबी पचवणारं लायपेज एन्झाइमही थोडं अडवतो. माणसात जो काही परिणाम दिसतो तो मेदपेशीपेक्षा आतड्यातून सुरू होत असावा, असा माझा कल आहे.

१०. उंदरांचं वजन आल्याने खरंच कमी झालं म्हणे. मग माणसाचं का नाही?

झालं, हे खरं. भरपूर तेलकट आहारावर ठेवलेल्या उंदीर-घुशींना आलं दिलं की वजनवाढ कमी होते, हे अनेक प्रयोगांत आलं आहे. अडचण मात्रेची आहे. २०१४ च्या एका प्रयोगात लठ्ठ नर घुशींना किलोमागे ७५ मिलिग्रॅमपर्यंत जिंजरॉल दिलं होतं. घुशीची मात्रा माणसाला लावताना रूढ पद्धतीने ६.२ ने भागतात. म्हणजे किलोमागे १२ मिलिग्रॅम, ७० किलोच्या माणसाला सुमारे ८५० मिलिग्रॅम. सुंठीत जिंजरॉल १ टक्का धरलं तर रोज ८५ ग्रॅम सुंठ! माणसांवरच्या चाचण्यांत २ ग्रॅम देतात.

त्याच प्रयोगात तुलनेला लॉर्कासेरिन हे वजनाचं औषध होतं. पुढे २०२० मध्ये कर्करोगाच्या जोखमीच्या कारणावरून ते अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतलं गेलं. तुलना कुणाशी केली हेही बघावं लागतं ते असं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. प्रयोगशाळेची खोली २२ अंशांच्या आसपास असते. आपल्याला ती सुखद, पण उंदराला थंड वाटते. त्याला ३० च्या जवळ बरं वाटतं. त्यामुळे त्याची उष्णता बनवणारी तपकिरी चरबी सदैव कामावर असते, आणि तिला चेतवणारी कुठलीही गोष्ट उंदरात भारी ठरते.

११. माणसांवरच्या अभ्यासांत नेमकं काय दिसलं?

तीन उदाहरणं देते.

२०१२ मधला एक छोटा अभ्यास: जास्त वजनाचे १० पुरुष, न्याहारीबरोबर गरम पाण्यात २ ग्रॅम सुंठ. जेवण पचवताना होणारा ऊर्जेचा खर्च सुमारे ४३ किलोकॅलरींनी जास्त भरला आणि भूक कमी लागल्याचं त्यांनी नोंदवलं. एकूण चयापचयाचा वेग, ग्लुकोज आणि इन्सुलिन यांत फरक नव्हता.

दुसरा इराणमधला: ८० लठ्ठ स्त्रिया, १२ आठवडे रोज २ ग्रॅम सुंठ किंवा तशाच दिसणाऱ्या पिठाच्या गोळ्या. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा) किंचित उतरला, इन्सुलिन आणि इन्सुलिन-रोधाचा निर्देशांक सुधारला.

तिसरं म्हणजे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं एकत्रित विश्लेषण: १४ चाचण्या, ४७३ माणसं. वजन, कंबर-नितंब गुणोत्तर आणि उपाशीपोटीची साखर कमी झाली, बीएमआयवर मात्र ठोस परिणाम नाही (हे कसं शक्य आहे ते प्र. १२ मध्ये). १४ चाचण्यांत मिळून ४७३, म्हणजे चाचणीमागे सरासरी ३४ माणसं. एवढ्या छोट्या गटांत योगायोगाला बराच वाव असतो.

माझी एक जुनी तक्रार इथे नोंदवते. आल्याची 'आंधळी' चाचणी, म्हणजे कुणाला आलं आणि कुणाला नुसतं पीठ हे कळू न देता केलेली, अवघड आहे. कॅप्सूल कितीही बेमालूम असो, अर्ध्या तासाने ढेकर येतो आणि कुणाला काय मिळालं ते कळतं. आपल्याला आलं मिळालंय हे कळलेला माणूस जेवताना हात आखडतोच.

१२. वजन कमी झालं पण बीएमआय नाही? उंची वाढली की काय?

बरोबर पकडलंत. प्रौढाची उंची तीच, त्यामुळे एकाच माणसात वजन उतरलं की बीएमआय उतरणारच. पण एकत्रित विश्लेषणात प्रत्येक चाचणीने दोन्ही आकडे दिलेले नसतात. वजनाच्या बेरजेत काही चाचण्या, बीएमआयच्या बेरजेत वेगळ्या काही. शिवाय प्रत्येक बेरजेतली अनिश्चितता निराळी. एक आकडा 'ठोस' या रेषेच्या अलीकडे पडतो, दुसरा पलीकडे. परिणाम मोठा असता तर दोन्ही एकाच बाजूला पडले असते.

१३. रोज ४३ कॅलरी म्हणजे वर्षाला दोन किलो. वाईट काय आहे?

गुणाकार बरोबर आहे (बोलण्यातली 'कॅलरी' म्हणजे किलोकॅलरीच): ४३ गुणिले ३६५ म्हणजे १५,६९५, आणि किलोभर शरीरमेदात साधारण ७,७०० किलोकॅलरी. पण तो आकडा १० पुरुषांच्या एका दिवसाचा आहे. तो वर्षभर तसाच राहील असं कुणी मोजलेलं नाही. वजन उतरू लागलं की शरीर खर्च आवरतं आणि भूक वाढवतं, त्यामुळे सरळ रेषेतला हिशेब शेवटपर्यंत जातच नाही. आणि आल्याच्या पेयात दोन चमचे साखर घातलीत, म्हणजे ८ ग्रॅम, तर ३२ किलोकॅलरी तिथेच परत आल्या.

१४. तिखट खाल्लं की घाम येतो. तीच चरबी जळतेय ना? आणि पांढऱ्या चरबीची तपकिरी होते हे खरं का?

घाम येतो तो टीआरपीव्ही-१ नावाच्या संवेदकामुळे. खरी उष्णता आणि मिरचीतलं कॅप्सायसिन, दोन्ही हाच संवेदक ओळखतो. जिंजरॉल आणि शोगाओलची रचना कॅप्सायसिनच्या जवळची, म्हणून तेही त्याला चेतवतात. या संवेदकाच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. मेंदूला 'गरम होतंय' असा निरोप जातो आणि शरीर थंड व्हायला बघतं. घाम हे भट्टी पेटल्याचं मोजमाप नव्हे.

तरी या कल्पनेत तथ्य आहे. त्याच संवेदकावरून सहानुभूती चेतासंस्था (शरीराला आपोआप सज्ज करणारं चेतातंतूंचं जाळं) चाळवते आणि तपकिरी चरबीला संदेश जातो. तपकिरी पेशीत यूसीपी-१ हे प्रथिन असतं, ते इंधनाची थेट उष्णता करतं. उंदरांत आल्याने पांढऱ्या चरबीतही अशा पेशी वाढलेल्या दिसल्या आहेत. प्रौढ माणसांत काम करणारी तपकिरी चरबी असते हे २००९ मध्ये पक्कं झालं, पण ती थोडीच असते, मुख्यतः मानेपाशी आणि गळपट्टीच्या हाडावर, आणि लठ्ठ माणसांत आणखी कमी. आल्याच्याच कुळातल्या 'स्वर्गबीज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिऱ्यासारख्या बियांत ६-पॅराडॉल असतं. त्यांच्या अर्काने पुरुषांत ऊर्जाखर्च वाढला, पण ज्यांच्यात तपकिरी चरबी होती त्यांच्यातच. ज्यांना गरज जास्त, त्यांना उपयोग कमी, अशी ही पंचाईत.

१५. पोटावर आल्याचा लेप किंवा तेल लावलं तर?

कातडी लाल होईल, आग होईल, नाजूक त्वचेवर पुरळही उठेल. त्याखालच्या मेदपेशी रिकाम्या होतात असं दिसलेलं नाही. ठरावीक जागेवरची चरबी वरून हटवता येत नाही.

१६. कुणी सांभाळून घ्यावं?

जेवणातल्या आल्याबद्दल फारसं घाबरण्यासारखं नाही. हे उत्तर रोज ग्रॅमच्या हिशेबात पूड किंवा कॅप्सूल घेणाऱ्यांसाठी आहे.

वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पुरावा उलटसुलट आहे, पण रक्तस्रावाच्या बाबतीत प्रयोग करून बघायचा नसतो. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर आधीच सांगा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते. पित्तखडे असतील तरी आधी विचारा, कारण आल्याने पित्ताचा स्राव वाढतो. छातीत जळजळ होणाऱ्यांना त्रास वाढल्याचं लगेच कळेलच. गरोदरपणातल्या मळमळीसाठी दिवसाला सुमारे १ ग्रॅमपर्यंत आलं अभ्यासलं गेलं आहे, पण तो मळमळीचा विषय. गरोदरपणात वजन उतरवण्यासाठी आलं घेणं हा प्रश्नच उद्भवू नये.

१७. कॅप्सूलवर 'जिंजरॉल ५ टक्के' लिहिलंय. पुडीपेक्षा ते बरं?

निदान काय घेताय ते कळतं, एवढा फायदा. पण लेबलवर 'आलं ५०० मिलिग्रॅम' एवढंच असेल तर ती पूड आहे की अर्क हे कळत नाही, आणि दोन कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये जिंजरॉलचं प्रमाण कितीतरी पटींनी वेगळं असू शकतं. अभ्यासात २ ग्रॅम पूड वापरली असेल तर २ ग्रॅम तीव्र अर्क घेऊन तोच प्रयोग होत नाही.

१८. आलं म्हणजे 'नैसर्गिक सेमाग्लूटाइड' असं वाचलं.

सेमाग्लूटाइड हे वजन उतरवण्यासाठी दिलं जाणारं औषध. त्याच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं. ९० किलोच्या माणसाचं साडेतेरा किलो. आल्याच्या चाचण्यांत फरक शोधायला सांख्यिकी लागते. काम करण्याची पद्धतही वेगळी. असं लिहिणाऱ्याने दोन्हींपैकी एकाबद्दल तरी वाचलेलं नाही.

१९. रिकाम्या पोटी की जेवणानंतर?

वजनासाठी वेळेने फरक पडतो असं दाखवणारी खात्रीची चाचणी नाही. प्र. ११ मधला ४३ कॅलरींचा आकडा जेवणाबरोबर घेतलेल्या सुंठीचा आहे. रिकाम्या पोटी जळजळ मात्र जास्त होते.

२०. मला स्वतःवरच करून बघायचंय. कसं करू?

प्र. १६ मधलं काही लागू नसेल तर खुशाल करा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, एकाच काट्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी लिहा. एका दिवसाच्या आकड्याकडे बघूच नका. पाणी आणि मिठामुळेच किलो-दीड किलो वरखाली होतं. कंबरेचा घेर आठवड्यातून एकदा, टेप बेंबीच्या रेषेत, श्वास सोडल्यावर. आधी चार आठवडे काही न बदलता नुसत्या नोंदी. मग १२ आठवडे रोज २ ग्रॅम सुंठ, जेवणाबरोबर. मग पुन्हा चार आठवडे बंद.

त्या बारा आठवड्यांत चालायला जाणं, साखर सोडणं, रात्रीचं जेवण लवकर घेणं यातलं काही नव्याने सुरू केलंत तर ते वहीत त्याच तारखेला लिहून ठेवा, आणि शेवटी आकडे बघताना ते पान आधी उघडा.